सतरा मिनिटांचा रस्ता

आमच्या शाळेतले गणिताचे शिक्षक मोठे हिशेबी गृहस्थ आहेत. हिशेबी म्हणजे कंजूष नव्हेत. चहाचे पैसे नेहमी तेच देतात. पण समोर दिसेल त्या गोष्टीची बेरीज-वजाबाकी केल्यावाचून त्यांना चैन पडत नाही. परवा मधल्या सुट्टीत त्यांनी माझाच हिशेब मांडला.

"मास्तर, तुम्हाला घरून शाळेत यायला सतरा मिनिटं लागतात. जायला सतरा. दिवसाची झाली चौतीस. वर्षाला शाळेचे दिवस दोनशेवीस धरू. म्हणजे सव्वाशे तास तुम्ही नुसते रस्त्यात घालवता. माझ्या स्कूटरवर मागं बसत जा. पाच मिनिटांत शाळा. वर्षाचे अठ्ठ्याऐंशी तास वाचतील. तेवढ्यात तुमची एक कादंबरी लिहून होईल!"

मी हसून मान हलवली. ते त्याला होकार समजले असावेत. माझ्या मनात आलेलं उत्तर मी त्यांना दिलं नाही. त्या सव्वाशे तासांतच माझी कादंबरी लिहून होते, घरी बसून मी फक्त ती कागदावर उतरवतो, हे एखाद्या गणितज्ञाला पटवून देणं सोपं नाही.

चिराबाजारच्या मागच्या एका वाडीत, जुन्या चाळीच्या चौथ्या मजल्यावर मी राहतो. शाळा गिरगाव चर्चच्या पुढं, प्रार्थना समाजाच्या अंगाला. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिक, म्हणजे आजच्या भाषेत दहावी, आणि त्यावर चित्रकलेच्या परीक्षा. बावीस वर्षं सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी मी घराबाहेर पडतो आणि साडेसातच्या घंटेआधी शाळेच्या पायऱ्या चढतो. या बावीस वर्षांत शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांच्या नावांपुढं एकेक पदवी वाढत गेली. माझ्या नावापुढं काही वाढलं नाही. वाढल्या त्या फक्त झिजलेल्या चपला. पण मी जे काही थोडं शिकलो असेन ते याच रस्त्यावर, असं मला आपलं वाटतं.

पायी चालणं हे आमच्या घराण्यात वंशपरंपरेनं आलेलं आहे. माझे आजोबा फोर्टातल्या एका छापखान्यात खिळे जुळवीत. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली, आणि शेवटची ट्राम धावली ती ३१ मार्च १९६४ रोजी. आजोबांची सारी नोकरी ट्रामच्या काळातली. तिकीट एक आण्याचं. आजोबा तो आणा वाचवीत आणि गिरगावातून फोर्टापर्यंत चालत जात. त्या साठलेल्या आण्यांतून एका दिवाळीला त्यांनी आजीला नऊवारी लुगडं घेतलं होतं. आजी ते कौतुकानं सांगायची. आजोबा म्हणायचे, "आणि माझ्या वहाणा किती झिजल्या, तो हिशेब हिनं कधी धरलाच नाही!" आमच्या गणिताच्या शिक्षकांची आणि माझ्या आजोबांची भेट व्हायला हवी होती, असं मला फार वाटतं.

मी मात्र पैसे वाचवायला चालत नाही. सकाळी वाडीच्या तोंडाशी आलो की पहिल्यांदा माझ्या कानांना जाग येते. दुकानांच्या फळ्या अजून लागलेल्याच असतात. दुधाच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या फुटपाथवर आपटल्याचा आवाज होतो. वर्तमानपत्रं लावणारी पोरं दुकानाच्या पायरीवर बसून पानांत पुरवण्या सरकवीत असतात. कुठंतरी गॅलरीत कोणी घसा साफ करतो आणि त्याच्या खालच्या मजल्यावर रेडिओ लागतो. चिराबाजारातला मासळीचा गलबला मला सकाळी भेटत नाही. तो दुपारी परतताना भेटतो. तिथली एक कोळीण मला ओळखते. "मास्तर, बोंबील ताजं हाईत!" असं ती लांबूनच ओरडते. महिनाअखेर असली की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं जातो. तिलाही ते ठाऊक आहे. त्या दिवसांत ती मला हाक मारत नाही.

ठाकूरद्वारच्या नाक्यावर आलं की रस्ता जागा होतो. फुलवाल्या बायका ओल्या फडक्यावर शेवंती आणि झेंडू मांडून बसलेल्या असतात. इथून पुढं नावंच अशी लागतात, की परक्या माणसाला वाटावं आपण बाजारात आलो. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी! फणसवाडीत फणस नाही आणि आंबेवाडीत मोहोर येत नाही. पण कधी काळी हे सगळे मळे आणि बागा होत्या. झाडं गेली, नावं तेवढी राहिली. माणसांचंही असंच होतं. एखाद्या बिऱ्हाडाला जाऊन तीस वर्षं झाली तरी त्या खोलीला आम्ही त्यांच्याच नावानं ओळखतो.

फणसवाडीच्या पुढं एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एक आजी रोज तुळशीला पाणी घालतात. कुंडीच्या बुडाशी भोक आहे. ते पाणी नेमकं फुटपाथवरून जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतं. नवखा माणूस वर पाहून रागावतो. आम्ही जुने लोक तिथं आलो की दोन पावलं रस्त्यात उतरतो आणि पुन्हा फुटपाथवर येतो. ते वळण आता पायांनाच पाठ झालं आहे. मध्ये एकदा आजी पंधरा दिवस आजारी होत्या. कुंडी कोरडी होती. तरी मी रोज दोन पावलं रस्त्यात उतरत होतो.

अशा माणसांशी माझी ओळख आहे असं म्हणता येईल का? मला त्यांची नावं ठाऊक नाहीत. त्यांना माझं ठाऊक नाही. पण समोरून येणारे छत्रीवाले गृहस्थ मला फणसवाडीच्या आधी भेटले तर मला उशीर झालेला असतो आणि आंबेवाडीपाशी भेटले तर मी वेळेवर असतो. त्यांनाही माझ्यावरून तेच कळत असणार. दोन माणसांनी एकमेकांचं घड्याळ व्हावं, यापेक्षा अधिक ओळख शहरात कोणाची कोणाशी असते?

लवकर निघालो असलो तर मी खाडिलकर रस्त्यानं वळसा घेतो आणि केशवजी नाईकांच्या चाळींवरून जातो. १८९३ साली तिथं सार्वजनिक गणपती बसला, आणि १९०१ साली खुद्द टिळक तिथं येऊन गेले. गल्लोगल्ली पंधरा-वीस फुटांच्या मूर्ती उभ्या राहतात, तरी तिथला गणपती अजून घरच्या गणपतीसारखा लहानखुरा असतो. तो वळसा घ्यायचा नसेल तर खोताच्या वाडीतून जातो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं अंग चोरावं, एवढी ती गल्ली अरुंद. लाकडी जिने, उतरती कौलं, दारापुढचा क्रूस आणि त्याला वाहिलेली झेंडूची माळ. एके काळी तिथं साठांवर अशी घरं होती. त्यांतली निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. तिथल्या एका ओट्यावर एक मांजर बसलेलं असतं. माझ्या दुसऱ्या कादंबरीत ते मांजर आलं आहे. कादंबरीतल्या माणसांविषयी कोणी पत्र पाठवलं नाही. मांजराविषयी तीन पत्रं आली.

पुढं चर्च. तिथून जवळच मॅजेस्टिक सिनेमा होता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' तिथं लागला आणि हिंदुस्थानातला चित्रपट पहिल्यांदा बोलू लागला. १९७२ साली ते थिएटर पाडलं. तिथं आता दुकानांची मोठी इमारत आहे. माझ्या जन्माआधीच ते नाहीसं झालं, तरीही वडिलांनी इतक्या वेळा हात करून दाखवलं होतं, की ते मी पाहिलंच आहे असं मला वाटतं. मध्यंतरी मेट्रोचं काम निघालं तेव्हा या रस्त्याची कित्येक वर्षं पार दशा झाली होती. निळे-हिरवे पत्रे दोन्ही बाजूंनी उभे राहिले आणि मधून माणूस जेमतेम जाई. तेव्हा मला वाड्यांमधून आत-बाहेर जाणारे असे काही बोळ सापडले, की ते चाळीस वर्षं गिरगावात राहून मला ठाऊक नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गिरगावचं स्टेशन सुरू झालं. मी हौसेनं एकदा सरकत्या जिन्यानं खाली उतरून आलो. थंडगार आणि स्वच्छ आहे. पण मला जायचंय ते चर्चपर्यंत, आणि तेवढ्यासाठी पाताळात कोण उतरणार?

इथवर वाचून वाचकांना वाटेल, की या मास्तरला आपल्या चालण्याचा बराच अभिमान दिसतो. होता. आपण पायी चालतो, म्हणून आपल्याला माणसं दिसतात, स्कूटरवाल्यांना दिसत नाहीत, असं मी मनात धरून होतो. तो अभिमान या पावसाळ्यात उतरला. तो कसा उतरला ते सांगायला मला संकोच वाटतो, पण सांगितलं पाहिजे.

आठवीच्या वर्गावर सोमवारी आणि गुरुवारी माझा पहिला तास असतो. उशिरा येणाऱ्याला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभं करायचं, हा माझा जुना नियम. मी स्वतः बावीस वर्षांत क्वचितच उशिरा आलो असेन. त्यामुळं हा नियम मला फार न्याय्य वाटे. जूनपासून एक मुलगा आठवड्यातून दोन-तीनदा तरी उशिरा येऊ लागला. कधी दहा मिनिटं, कधी वीस. मी हातानंच 'बाहेर' अशी खूण करायचो. तो निमूटपणे दप्तर पायाशी ठेवून उभा राहायचा. कारण मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. बाहेर उभा राहून तो फळ्यावरचं चित्र मान वाकडी करून पाहायचा, हे मला दिसत होतं. त्यालाही मी खोडीच समजलो.

जुलै महिन्यात एका गुरुवारी माझाच गोंधळ झाला. आदल्या रात्री चाळीत सभा होती. ती बारापर्यंत चालली. मला जाग आली तीच सात वाजता. कसाबसा निघालो. पाऊस तर असा, की छत्री केवळ शोभेला. छत्रीवाले गृहस्थ कुठंच भेटले नाहीत, तेव्हाच मला माझा उशीर कळला. चर्चपाशी आलो तर चर्नी रोड स्टेशनच्या बाजूनं तो मुलगा धावत येताना दिसला. दप्तर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलं होतं. तो स्वतः नखशिखांत भिजलेला. मला पाहून तो एकदम थांबला.

"इकडून कुठून?" मी विचारलं. "तुझं घर तर आंबेवाडीत ना?"

"विरारला राहतो, सर. मे महिन्यात इमारत खाली केली."

"मग रोज तिथून येतोस?"

"हो सर. पाचला उठतो. मुंबई सेंट्रलला गाडी बदलावी लागते. कधी कधी ती दुसरी मिळत नाही."

"अरे, मग तिकडच्याच शाळेत नाव का नाही घातलं?"

तो म्हणाला, "आई म्हणते, तीन वर्षांत परत यायचंय. मग शाळा कशाला सोडायची?"

तीन वर्षं! गिरगावात इमारत पाडताना जो तो तीन वर्षांचंच बोलतो. दहा-दहा वर्षं बाहेर काढलेली बिऱ्हाडं मला माहीत आहेत. पण ते त्या मुलाला मी कशाला सांगू? आम्ही दोघं एका छत्रीखालून भराभर चालू लागलो. छत्री मी त्याच्यावर धरली, तर तो अदबीनं बाहेर सरकायचा. शाळेत पोचलो तेव्हा सात चाळीस झाले होते. मी वर्गात शिरलो, हजेरी उघडली आणि वर पाहिलं. तो सवयीनं दाराबाहेरच उभा राहिला होता.

आम्ही दोघं एकाच रस्त्यानं, एकाच मिनिटाला आलो होतो. त्यातला एक खुर्चीवर बसला होता आणि दुसरा बाहेर निथळत होता. "आत ये," एवढंच मी म्हणालो. खरं तर मी त्याची क्षमा मागायला हवी होती. पण मास्तर माणसाला ते शब्द लवकर सापडत नाहीत.

त्या दिवशी दुपारी मी आंबेवाडीपाशी थांबलो. ती इमारत मी रोजच पाहत होतो. मे महिन्यात तिच्या गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे नाहीसे झाले, कुंड्या गेल्या, मग दारं-खिडक्याही काढून नेल्या, हे सगळं मी टिपलं होतं. नुसतं पाहिलं नव्हतं, तर वहीत लिहूनही ठेवलं होतं. 'रिकाम्या गॅलऱ्या' असा त्या टिपणाला मथळा दिला होता. पुढच्या कादंबरीला उपयोगी पडेल म्हणून! आणि त्या रिकाम्या गॅलरीतला एक मुलगा माझ्याच वर्गाबाहेर उभा आहे, हे मात्र मला कळलं नव्हतं. चालणाऱ्याला दिसतं हे खरं. पण दिसलं म्हणजे समजलं असं नाही. त्यासाठी थांबून दोन शब्द विचारावे लागतात.

तेव्हापासून मी दाराबाहेर उभं करणं बंद केलं. सोमवारी आणि गुरुवारी पाच मिनिटं आधी निघून चर्चपाशी थांबतो. तो येतो आणि आम्ही दोघं शाळेपर्यंत चालतो. ही जेमतेम सहा मिनिटांची चाल. तेवढ्यात तो मला लोकलच्या गोष्टी सांगतो. पहाटेच्या गाडीत भजन करणारी मंडळी त्याला आता ओळखतात आणि कधी टाळही देतात. एका काकांनी त्याची बसायची जागा ठरवून टाकली आहे. दादरपर्यंत ते बसतात आणि मग उठून त्याला बसवतात. शेवटच्या तीन स्टेशनांत तो चित्रकलेचा गृहपाठ करतो. त्याच्या रेघा थोड्या हलतात. मी त्यांचे गुण कापत नाही.

त्या जुलैच्या सभेत काय झालं ते सांगायचं राहिलं. आमचीही चाळ आता पडायची आहे. करारावर सह्या दिवाळीनंतर आहेत. जे भाडं मिळणार त्यात गिरगावात खोली येत नाही, दादरला येत नाही, बोरिवलीलाही येत नाही. ते विरारला येतं. सभेत मी म्हाताऱ्या लोकांसारखा जुन्या आठवणींवर बोललो. सगळ्यांनी ऐकून घेतलं. घरी आल्यावर आमची सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला रस्ता दिसतो. मला गॅलरीच्या टोकाचा संडास दिसतो, आणि पंपाला पाणी चढलं नाही की चौथ्या मजल्यापर्यंत आणलेल्या कळशा दिसतात. मला हवंय ते घर." यावर मला काही बोलता आलं नाही. वीस वर्षं मी ज्या सकाळी मौजेनं चालत निघायचो, त्या सकाळी ती नळाच्या रांगेत उभी असायची. आमच्या घरातल्या दोन माणसांना एकच गिरगाव मिळालं, पण त्यातला चांगला वाटा माझ्याकडं आला होता.

म्हणून ही आमची चाळीतली तूर्त शेवटची दिवाळी. यंदा मुलांनी गच्चीवर नेहमीपेक्षा मोठा कंदील लावायचं ठरवलं आहे. बांबूच्या कामट्या मी आणून दिल्या. सौभाग्यवतीनं शेजारणींबरोबर चकल्यांची भाजणी दळून आणली आणि नव्या घरातलं स्वयंपाकघर कसं असावं याची चर्चा तिथंच उरकली. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी मी त्या मुलाला म्हणालो, "काय रे, जानेवारीपासून बहुधा मीही तुझ्या गाडीला असेन."

मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल. पण त्याचा चेहरा एकदम उजळला. गाडीतला तो जुना-जाणता, मी नवखा. लगेच त्यानं मला समजावायला सुरुवात केली. "सर, पाससाठी आधी फोटो काढून ठेवा. छत्री लांब दांड्याची नको, घडीची घ्या. पहिल्या दिवशी दाराशी थांबू नका, लोक ढकलतात. आणि उतरताना पूल कुठल्या डब्यासमोर येतो ते मी दाखवीन. तोच डबा धरायचा, म्हणजे धावावं लागत नाही." मी खिशातून वही काढून हे सगळं लिहून घेतलं. या खेपेला मथळा दिला नाही.

गणिताच्या शिक्षकांना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, की ते लगेच पेन्सिल काढतील. जायला दीड तास, यायला दीड तास, गुणिले दोनशेवीस. तो आकडा मला आत्ताच ऐकायचा नाही. त्या आकड्यातून चर्चपासून शाळेपर्यंतची सहा मिनिटं मात्र त्यांनी वगळावीत, एवढं मी त्यांना सांगणार आहे. ती पूर्वीसारखीच पायी जातील.